पडीत जमिनीचे सुपरवायझर

खोली भाड्याने देताना त्यांनी एकच अट घातली. "अंगणात सडा टाकायचा नाही, बाई. बाकी तुमचं तुमी पाहा."

मी तेव्हा पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढच्या एका गावात तलाठी म्हणून रुजू झाले होते. माझं माहेर बपेऱ्याकडचं, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. या भागात ओळखीचं कोणी नव्हतं आणि एकट्या बाईला खोली द्यायला लोक का-कू करत होते. शेवटी ग्रामपंचायतीच्या चपराशानं सांगितलं, "सुपरवायझरकडं दोन खोल्या आहेत. माणूस थोडा हुकेला आहे, पण वाईट नाही."

हुकेला म्हणजे डोक्यानं जरा सरकलेला. साठीच्या आसपासचा, काटकुळा, उन्हानं करपलेला माणूस. राजस्थानात वाळवंटातल्या एका मोठ्या सोलर प्लांटवर अकरा वर्षं काढून ते गावी परतले होते. तिथून आणलेलं पिवळं हेल्मेट दाराशी खिळ्याला टांगलेलं असे आणि त्यात कांदे ठेवलेले असत. गाव त्यांना सुपरवायझर म्हणे. मी काका म्हणू लागले.

घरामागं शंभर पावलांवर गावाची बोडी, म्हणजे लहान तळं. पाऊसकाळात तर पाणी पाळीला टेकलेलं. आणि हा माणूस अर्ध्या बादलीत आंघोळ करी, ते पाणीही लिंबाच्या झाडाकडं वळवलेलं. पाणी प्यायचं झालं तर आधी खाली बसत, लोटा दोन्ही हातांत धरत आणि तो संपेपर्यंत कोणाशी बोलत नसत. शेजारणी मला म्हणत, सडा नाही त्या घरात लक्ष्मी कशी येईल? मी कोरडाच झाडू मारी.

बोलण्यातला एक शब्द त्यांना चालत नसे. रिकामं. रविवारी मी सहज म्हटलं, "आज मी रिकामी आहे," तर म्हणाले, "कशा काय? सकाळपासून तं कपडे धुऊन राहिल्या." एकदा पवनीची बस रिकामीच आली म्हटलं, तर विचारलं, "ड्रायव्हर-कंडक्टर नव्हते?" हसत नसत. खरंच विचारत.

पहाटे उठून ते बोडीमागच्या पडीत जमिनीवर जात आणि ऊन वर आलं की परतत. येताना कधी तरोट्याची भाजी, कधी झाडू बांधायला शिंदीचा पाला. वाटेत बकऱ्या दिसल्या की त्यांच्याशी मारवाडीत बोलत. आमच्याकडच्या बकऱ्यांना मारवाडी कुठून यायला? पण त्या थांबून ऐकत, हे मी पाहिलेलं आहे.

बायको नागपूरला, लेकीकडं. भांडण नव्हतं. हे राजस्थानात असताना लेकीचं लग्न झालं, नातू झाला, त्याला सांभाळायला म्हणून आई तिकडं गेली आणि राहिली. दर रविवारी सकाळी लेकीचा फोन येई. फोनचा आवाज मोठा असल्यानं दोन्हीकडचं मला ऐकू येई.

"जेवले का, बाबा?"

"जेवलो. तू?"

"हो. आई आंघोळीले गेली."

"बरं."

मग दोघंही फोन कानाला लावून बसत. कोणीच ठेवत नसे. मिनिटभरानं पलीकडून नातवाचं रडणं ऐकू आलं की लेक म्हणे, "ठेवते, बाबा." त्यानंतरही काका थोडा वेळ फोन कानालाच धरून असत.

वाळवंटाचं ते सलग कधी सांगत नसत. झाडू बांधता बांधता एखादा तुकडा यायचा. गावाला वाटे, सोलरवर यांचा राग आहे. तसं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या छपरावर एक लहान पॅनल होतं. त्यावर एक दिवा आणि एक पंखा चाले. "उजेड वाईट नसते, बाई," म्हणत. "आपून त्याले कुठं बसवतो, हे पाहा लागते."

तिथं त्यांच्या हाताखाली काचा धुणारी टोळी होती. नजर पोचेल तिथपर्यंत पॅनल. "धूळ बसली का वीज कमी. म्हून धुवा. आज धुतलं का चौथ्या दिवशी पुन्हा तेच. काहून? तं तिथं जे खुरटं गवत होतं, ते आमीच खरवडून टाकलेलं. गवत गेलं, माती सुटली. माती उडून काचेवर बसली. काच धुवायले टँकर आला. आता टँकरचं पाणी कुठून आलं, ते मले इचारू नोका."

सड्याचं कारण मला असंच एका संध्याकाळी कळलं. प्लांटच्या कडेनं एक वाट होती. पलीकडच्या वस्तीतल्या बाया त्या वाटेनं डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणत. त्यांतली एक रोज कुंपणापाशी थांबे. "बोलत काही नव्हती. शिवी दिली असती तं बरं वाटलं असतं. काचेवरून पाणी खाली येई, मातीत जिरे. तेवढं जिरेपर्यंत पाहे, मंग हंडा सावरून जाय. तवापासून भुईवर पाणी सांडलं का मले ते बाई उभी दिसते."

आणि एकदा पक्ष्याचं सांगितलं. आपल्याकडं ज्याला माळढोक म्हणतात, तो. प्लांटमधून वीज बाहेर नेणाऱ्या मोठ्या तारांना धडकून पडला होता. त्यांनी उचलला तेव्हा अंग गरम होतं. "त्याचे डोळे बाजूले असतात म्हणे. समोरची तार त्याले दिसतच नाही. बकरीच्या पिल्लायेवढा जड होता. मी त्याले घेऊन ऑफिसात गेलो. सायेब जेवत होते. म्हणाले, बाहेर ठेव. मी बाहेर ठेवला."

चैत्रात तहसीलमधून फोन आला. गावाजवळच्या सरकारी पडीत जमिनीवर सोलर प्लांट घ्यायचा आहे, शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी. जागेचा अहवाल संध्याकाळपर्यंत पाहिजे. जागा म्हणजे बोडीमागची. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि टेबलावर कामाचा ढीग होता. ती जमीन मी रस्त्यावरून येता-जाता रोज पाहत होते. फॉर्म भरला. झाडे : निरंक. वापर : निरंक. शेरा : जमीन पडीत व रिकामी. सही केली आणि पाठवून दिलं. निरंक हा सरकारी कामात फार सोयीचा शब्द आहे. काही नाही, असं एका शब्दात लिहून मोकळं होता येतं.

संध्याकाळी कौतुकानं काकांना म्हटलं, "आता आपल्या गावातही सोलर येणार. बोडीमागच्या पडीतवर. आज अहवाल पाठवला."

शिंदीचा पाला काकांच्या हातात तसाच राहिला. "जागा पाहून आल्या?"

"पाहिलेलीच आहे की. रिकामी तर आहे."

त्या शब्दावर ते काही बोलले नाहीत. असं पहिल्यांदाच झालं. पाला गोळा केला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी दारावर थाप पडली. "चप्पल घाला, बाई. दूर नाही."

बोडीची पाळ ओलांडून आम्ही पलीकडं उतरलो. पाळीच्या आड, रस्त्यावरून न दिसणारे सात मोह होते. झाडांखाली दहा-बारा बाया वाकून फुलं वेचत होत्या. एकीनं मला पाहून टोपली खाली ठेवली. "तलाठीबाई, तुमी इकडं कायले?" तिनं मूठभर फुलं माझ्या ओंजळीत घातली. पुढं शिंदीचं बन. त्याच्या पलीकडं उघडी मुरमाड जागा, जिला मी मनातल्या मनात खरी रिकामी म्हणत होते. तिथं चालताना काकांनी एकदम माझा दंड धरला.

"पाय हालवू नोका."

डोक्यावर टिटवी ओरडत फिरत होती. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती. काकांनी बोटानं दाखवली तेव्हा दिसली. नजर जरा हलली की पुन्हा सापडत नव्हती. आम्ही मागच्या मागं सरकलो. बऱ्याच वेळानं ती टिटवी उतरली आणि अंड्यांवर बसली.

मला वाटलं, आता हे मला काही सुनावतील. ते म्हणाले, "मीबी रस्त्यावरूनच पाहिली होती." कोणती जमीन, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या दिवशी मी दुसरा अहवाल घेऊन स्वतः पवनीला गेले. तहसीलच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काल निरंक, आज सात मोह आणि शिंदीचं बन. एका रात्रीत उगवलं का हो?" साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "पाठवतो वर. पण गावाला दिवसा वीज पाहिजे की नको, हे तुम्हीच एकदा विचारून पाहा."

ते विचारायची वेळ ग्रामसभेत आली. इतकी माणसं मी ग्रामपंचायतीच्या अंगणात पुन्हा कधी पाहिली नाहीत. काका मागं भिंतीला टेकून उभे होते. ग्रामसभेत ते कधी बोलत नसत. त्या दिवशी हात वर केला आणि म्हणाले, ही जागा सोडून गावापलीकडच्या मुरमाच्या जुन्या खदानीत प्लांट बसवावा.

समोरचा एक तरुण शेतकरी उठला. उन्हाळी धान घेणारा, कष्टाळू माणूस. आवाज न चढवता बोलला. "काका, तुमी टिटवीचं सांगून राहिले. माहा बाप रात्री धानाच्या बांधीत पाणी द्याले गेला होता, काहून का लाईन रात्रीच येते. सापानं चावला. पवनीले नेतानी रस्त्यात गेला. खदान लाईनपासून दूर आहे, तिथं कवा होईल कोण जाणे. मले दिवसा लाईन पायजे. यंदा पायजे."

काका त्याच्याकडं पाहत राहिले. "तुहं बरोबर आहे," ते म्हणाले. मला वाटलं, आता खाली बसतील. पण ते भिंत सोडून पुढं आले आणि हात मागं बांधून, शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

"मी तिथं सुरुवातीले काचा धुवायले नव्हतो. जागा साफ कराले होतो. कागदावर पडीत होती. तिकडचे लोक त्याले ओरण म्हणत, देवीची जागा. त्यातली काडी कोणी तोडत नसे. खेजडीची झाडं होती, शंभर-शंभर वर्षांची. पण ते झाड वाळवंटात लय वाढत नाही. मले सायेबानं सांगतलं, झाडं आहेत का नाही, लिहून दे, मंग मशीन येते. मी गाडीतूनच पाहिलं. लिहिलं, झुडपं आहेत. झाडं नाहीत."

त्यांनी मागं बांधलेले हात सोडले.

"तिथं एक म्हातारा बकऱ्या चारत होता. त्यानं मले पाणी देलं. त्याच्यापाशी एकच लोटा होता. मी पुरा पिलो. त्याच्याच समोर गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून सही केली. त्याले वाचता येत नव्हतं. पण समजलं त्याले. मले म्हणाला, 'आपके गाँव में भी ऐसी खाली ज़मीन है क्या?' मले वाटलं, टोमणा मारून राहिला. मी रागानं गाडीत बसलो. लय दिवसांनी ध्यानात आलं, तो टोमणा नव्हता. त्याले चाळीस बकऱ्या घेऊन कुठं जाव, तेवढंच इचाराचं होतं."

एवढं बोलून ते त्या तरुणाकडं वळले. "तुले लाईन भेटलीच पायजे. मी फक्त येवढं म्हणतो, लिहाच्या आधी एकदा पायी फिरून या."

त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढच्या आठवड्यात दहा-पंधरा माणसं खरंच पायी फिरून आली. तो तरुणही होता. मग वाद झाले, वरून माणसं आली, मोजणी झाली. शेवटी अर्धं-अर्धं झालं. मोह, शिंदी आणि बोडीकडची पट्टी सुटली, उरलेल्या मुरमाड भागावर प्लांट झाला. टिटवीची जागा त्यातच गेली. गाव म्हणालं, सुपरवायझर जिंकले. ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत.

ग्रामसभेत कोणीतरी मोबाईलवर त्यांचं बोलणं टिपलं होतं. ते फिरत फिरत नागपूरला पोचलं. चार दिवसांनी दुपारच्या बसनं त्यांची बायको आली. ठेंगणी, शांत बाई. मी त्यांना मावशी म्हणू लागले. आल्या आल्या पदर खोचून त्यांनी स्वयंपाकघर आवरलं, चहा टाकला. कपात दोन चमचे साखर घातली. काकांनी चहातली साखर केव्हाच सोडली होती, हे मला माहीत होतं, मावशींना नव्हतं. ते दोन दिवस तो गोड चहा न बोलता पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या खोलीत येऊन बसल्या. बराच वेळ माझ्या पलंगावरच्या चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत होत्या. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं फोनवर इचारलं का मजेत आहो म्हणत. मले वाटे, मजेत आहेत. घराची आठवण येत नसंल. मोबाईलमधी पाहिलं तवा समजलं." चादरीवरचा हात काढून म्हणाल्या, "साऱ्या गावाले सांगतलं. मले नाही सांगतलं."

"राहा ना इथं आता," मी म्हटलं.

"नातवाची शाळा आहे, बाई. अन् सवय गेली. त्यायचीबी गेली, माहीबी."

तिसऱ्या दिवशी काका त्यांना बसवर सोडायला गेले. मी ऑफिसच्या दारातून पाहत होते. फाट्यावर दोघं हातभर अंतरावर उभे होते. बस आली, काकांनी पिशवी वर दिली. बस गेल्यावरही ते तसेच फाट्यावर उभे होते, नंतर दुसऱ्याच रस्त्यानं निघाले.

प्लांट सुरू झाल्यावर तिथं राखणदार पाहिजे होता. त्या तरुण शेतकऱ्यानंच काकांचं नाव सुचवलं आणि काकांनी हो म्हटलं. गावात चर्चा झाली की विरोध करणारा शेवटी तिथंच नोकरीला लागला. मलाही जरा वाईट वाटलं. विचारलं तर म्हणाले, "दुसरा कोणी राहिला तं बोडीत पाइप टाकंल, काचा धुवायले." बोडीत त्यांनी पाइप पडू दिला नाही. थंडीत पहाटे काचांवर दव पडतं. ऊन निघायच्या आत ते मऊ फडकं घेऊन रांगामागून रांगा पुसत, दवाच्याच पाण्यानं. उन्हाळ्यात कोरड्या कुंच्यानं झाडत. कुंपणाची जाळी खालून वीतभर उचलून घेतली, ससा-मुंगूस जाईल येवढी. ठेकेदारानं कारण विचारलं, तर सांगितलं, पाणी तुंबते. त्या वर्षी गावात पहिल्यांदा लोकांनी उन्हाळी धानाला दिवसा पाणी दिलं. तो तरुण संध्याकाळी लेकराला सायकलवर बसवून घरी येताना दिसे.

मग माझी बदली लाखांदूरला झाली. जाताना काकांनी मला स्वतः बांधलेले दोन झाडू दिले. एक आहे अजून.

त्यानंतर एकदाच जाणं झालं, गेल्या हिवाळ्यात. धान कापून झालं होतं. घराला कुलूप होतं, म्हणून बोडीमागं गेले. प्लांटच्या आत, दूरच्या रांगेत काका खांद्यावर फडकं टाकून उभे होते. हाक मारली तशी लगबगीनं जाळीपर्यंत आले. अधिकच वाळले होते.

"आत या म्हणता येत नाही, बाई. बाहेरच्याले बंदी आहे. आता कॅमेरे लावले."

मग ते आत आणि मी बाहेर असे आम्ही जाळीला लागून बसलो. त्यांनी डबा उघडला. जाळीखालून अर्धी पोळी आणि तरोट्याची सुकवलेली भाजी माझ्याकडं सरकवली. मी माझी संत्री आत सरकवली. मावशींचं विचारलं. "मजेत आहे," म्हणाले. लेकीचा फोन येतो का विचारलं. म्हणाले, येतो, पण रविवारी इथं आवाज नीट पोचत नाही. आम्ही टिटवीबद्दल बोललो, साहेबांबद्दल बोललो, लाखांदूरच्या पाण्याबद्दल बोललो. बोलणं संपलं तरी ते संत्र्याची एकेक फोड सावकाश सोलत होते.

मी घड्याळ पाहिलं. साडेतीनची बस गाठायची होती.

"बसा ना थोडं," ते म्हणाले. "पाचले आहे अजून एक."

पाचची बस दोन वर्षांपूर्वी, मी तिथं असतानाच बंद झाली होती. त्या गावात राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसणं शक्य नव्हतं. लाखांदूरला दुसऱ्या दिवशी माझी मीटिंग होती. मी उठले, साडी झटकली आणि निघते म्हटलं.

तेही उठले. रस्त्याच्या बाजूनं जाळी जिथवर होती तिथवर, ते आतून माझ्या बरोबरीनं चालत आले.